पिल्लू आजच का देत नाहीत? फॉस्टर घरातून दत्तक घेण्याआधी हे समजून घ्या

तुमच्या व्हॉट्सॲपवरही असा मेसेज येऊन गेला असेल. फोटोत जुन्या टॉवेलवर बसलेलं पिल्लू, एक कान उभा, एक पडलेला. खाली लिहिलेलं, 'दत्तक देणे आहे. मादी. वय ४५ दिवस. जंताचं औषध दिलेलं आहे. सध्या फॉस्टरमध्ये. फक्त जबाबदार घरालाच.'

मन विरघळतं. घरात चर्चा होते, मुलं उड्या मारायला लागतात आणि तुम्ही फोन लावता. "आज संध्याकाळी न्यायला येऊ का?"

पलीकडून उत्तर येतं, "आज नाही देता येणार. अजून दोन आठवडे तरी लागतील. तोवर एक फॉर्म पाठवते, भरून द्या. एकदा सगळे मिळून भेटायला या. आणि दिवसभर घरी कोण असतं हो?"

इथे बरेच लोक चिडतात. गावठी पिल्लू, तेही फुकट, आणि त्याला स्थळ बघायला आल्यासारख्या चौकश्या! काही जण तिथेच नाद सोडतात आणि रस्त्यावरून एखादं पिल्लू उचलून आणतात.

मीही तेच केलं होतं. काही वर्षांपूर्वी आमच्या जवळच्या बांधकामावर तीन पिल्लं होती, आई दोन दिवसांपासून दिसत नव्हती. त्यातलं सगळ्यात गुबगुबीत पिल्लू मी त्याच दिवशी घरी आणलं. तीन दिवस घर नुसतं आनंदात होतं. चौथ्या दिवशी सकाळी त्यानं खाणं सोडलं, दुपारी उलट्या सुरू झाल्या, रात्रीपर्यंत रक्ताचे जुलाब. सहाव्या दिवशी ते गेलं. डॉक्टर म्हणाले, पार्व्हो. तुम्ही आणलंत तेव्हाच त्याच्या अंगात होता.

फॉस्टरवाले ते दोन आठवडे का मागतात, हे मला तेव्हा कळलं.

फॉस्टर घर म्हणजे नक्की काय?

फॉस्टर घर म्हणजे शेल्टर नव्हे. ते तुमच्याआमच्यासारखंच एक घर असतं. वन बीएचके असेल, आजी-आजोबांचं जुनं घर असेल, हॉस्टेल सोडून भाड्याच्या खोलीत राहणारी एखादी मुलगी असेल. रस्त्यावर सापडलेलं, आई मेलेलं, गाडीखाली येता येता वाचलेलं किंवा कुणी गोणीत भरून टाकून दिलेलं पिल्लू कायमचं घर मिळेपर्यंत इथे राहतं. काही जण एखाद्या संस्थेशी जोडलेले असतात, काही एकटेच करतात. औषध, खाणं, रिक्षाचं भाडं, बहुतेक वेळा सगळं स्वतःच्या खिशातून.

शेल्टरमध्ये एका वेळी अनेक कुत्री असतात, त्यातली बरीच आजारी किंवा जखमी. लस पूर्ण न झालेल्या पिल्लासाठी ती जागा धोक्याची असते. शिवाय मिक्सरचा आवाज, दाराची बेल, झाडू, लहान मुलाचं रडणं, कुकरची शिट्टी यातलं काहीच तिथे त्याच्या कानावर पडत नाही. फॉस्टर घरात हे सगळं आपोआप होतं. का महत्त्वाचं ते पुढे सांगतो.

आधी एक आकडा. कोलकात्याच्या 'आयसर' संस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावर जन्मणाऱ्या पिल्लांचा पाच वर्षं मागोवा घेतला. ९५ वेतांतली ३६४ पिल्लं. त्यातली वयात येईपर्यंत, म्हणजे साधारण सात महिन्यांपर्यंत जगली फक्त १९ टक्के. म्हणजे दर पाचातलं एक. आणि झालेल्या मृत्यूंपैकी ६३ टक्क्यांना या ना त्या प्रकारे माणूस कारणीभूत होता. हा अभ्यास २०१६ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. व्हॉट्सॲपवरच्या फोटोतलं पिल्लू हे त्या पाचातलं एक ठरावं, एवढ्यासाठी कुणीतरी आपली बाल्कनी रिकामी करून दिलेली असते.

(जाता जाता एक. आई जवळपास असेल आणि पिल्लं सुरक्षित जागी असतील, तर ती उचलू नका. कुत्री खाणं शोधायला तासन् तास बाहेर असते. 'रेस्क्यू' म्हणून फिरणाऱ्या काही व्हिडिओंमध्ये पिल्लाची सुटका होत नसते, आईपासून ताटातूट होत असते.)

दोन आठवडे कशासाठी?

मुख्य कारण पार्व्हो. पूर्ण नाव कॅनाइन पार्व्होव्हायरस. कुत्र्याच्या आतड्यांवर हल्ला करणारा हा विषाणू माणसाला होत नाही, पण लस न घेतलेल्या पिल्लाला काही दिवसांत संपवू शकतो. शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात, कधी त्याहून जास्त. या मधल्या काळात पिल्लू खेळतं, खातं, शेपटी हलवतं. फोटोतही छान येतं. बघून काहीही कळत नाही.

म्हणून शहाणा फॉस्टर नवीन पिल्लू आणलं की त्याला दोन आठवडे इतर कुत्र्यांपासून वेगळं ठेवतो. उलटी नाही, जुलाब नाही, ताप नाही, खाणं व्यवस्थित, असे चौदा दिवस गेले की पिल्लू पुढे द्यायला हरकत नाही. डिस्टेंपर नावाचा दुसरा घातक आजार मात्र याहूनही उशिरा डोकं वर काढू शकतो. त्यामुळे वेगळं ठेवल्यानं धोका शून्यावर येत नाही, पण खूप कमी होतो.

आता कुणी म्हणेल, मग लस द्या आणि मोकळं करा की. इथे गंमत आहे.

पिल्लू जन्मल्यावर पहिल्या दिवसात आईचं चिकाचं दूध पितं, त्यातून त्याला आईची प्रतिकारशक्ती मिळते. ही उसनी शक्ती हळूहळू ओसरते. ती भरपूर असेपर्यंत लस दिली, तर आईकडून आलेली प्रतिद्रव्यं त्या लसीलाच निकामी करतात. लस टोचली जाते, कार्डावर स्टिकर लागतो, पण संरक्षण मिळेलच असं नाही. उलट ती शक्ती ओसरली आणि लस मिळालीच नाही, तर पिल्लू उघड्यावर पडतं. ही उसनी शक्ती नेमकी कधी संपेल ते प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. सहाव्या आठवड्यात संपेल, दहाव्यात संपेल, कधी सोळाव्या आठवड्यापर्यंत टिकेल.

म्हणून लस एकदाच देऊन भागत नाही. सहा ते आठ आठवड्यांना पहिला डोस, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे, असं सोळा आठवड्यांचं होईपर्यंत चालतं. त्यातला एखादा डोस बरोबर वेळेला पडतो. रेबीजची लस साधारण तीन महिने पूर्ण झाल्यावर, आणि मग डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे बूस्टर.

'एक डोस झालाय' याचा अर्थ 'पिल्लू सुरक्षित आहे' असा होत नाही. हे वाक्य फॉस्टरवाले फोनवर दिवसातून दहा वेळा सांगत असतील.

पार्व्होबद्दल अजून एक गोष्ट. हा विषाणू फार चिवट आहे. जमिनीवर, भांड्यावर, पायपुसण्यात महिनोन् महिने जिवंत राहतो. तुमच्या घरी गेल्या वर्षभरात एखादं कुत्रं पार्व्होनं गेलं असेल, तर फॉस्टरला आधीच सांगा. लपवू नका. फिनाइलनं पुसून घेतलं यावर भरवसा ठेवता येत नाही. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट चालतं, साधारण एका भागाला तीस भाग पाणी. आधी जागा साबणानं धुऊन, मग हे पाणी दहा मिनिटं तसंच राहू द्यायचं. मातीचं अंगण किंवा बागेची जागा मात्र अशी स्वच्छ होत नाही. अशा घरात लसींचा पूर्ण कोर्स झालेलं थोडं मोठं पिल्लू नेणं बरं. आमच्याकडे दुसरी कुत्री आणली तेव्हा ती पावणेपाच महिन्यांची होती, ती याच कारणामुळे.

आणि दुसरं घड्याळ

एकीकडे आजारासाठी थांबायचं, पण दुसरीकडे फार थांबूनही चालत नाही. कारण पिल्लाच्या मेंदूत एक वेगळं घड्याळ चालू असतं.

अमेरिकेतल्या बार हार्बर या गावच्या प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या वागण्यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांचं पुस्तक १९६५ मध्ये आलं. त्याच प्रयोगशाळेतला एक प्रयोग १९६१ मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आला होता. त्यात पिल्लं माणसाच्या संपर्काशिवाय वाढवली आणि वेगवेगळ्या वयात माणसांशी ओळख करून दिली. ज्यांना चौदाव्या आठवड्यापर्यंत माणूस भेटलाच नाही, ती नंतर माणसाला बुजत राहिली. साधारण तीन ते बारा-चौदा आठवडे या काळात पिल्लू जे पाहतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याला 'नेहमीचं' वाटतं. त्यानंतर भेटलेली नवी गोष्ट पटकन भीतीच्या खात्यात जाते.

शिवाय पहिले आठ आठवडे भावंडांसोबत असणं फार मोलाचं. एकमेकांना चावताना, 'एवढ्या जोरात चावलं की समोरचा ओरडतो आणि खेळ थांबतो' हे पिल्लू तिथेच शिकतं. म्हणून चांगला फॉस्टर जमलं तर भावंडं एकत्र ठेवतो. ब्रीडरकडून होणाऱ्या विक्रीसाठीही २०१७ च्या केंद्राच्या नियमांनी आठ आठवड्यांखालच्या पिल्लाला मनाई केली आहे. महिन्याभराचं पिल्लू 'लवकर माणसाळतं' म्हणून मागणारे लोक आहेत, ती समजूत चुकीची आहे.

मग लस पूर्ण व्हायच्या आत जग दाखवायचं कसं? सोपं आहे, कडेवर घेऊन. पिल्लाला रस्त्यावर, बागेत, इतर कुत्री शी-शू करतात तिथे खाली ठेवायचं नाही. पण तुमच्या हातात बसून ते रिक्षा बघू शकतं, मंदिराची घंटा ऐकू शकतं, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, काठी घेतलेले आजोबा, छत्री, शाळेतून सुटलेली पोरं, सगळं बघू शकतं. दिवसाला दहा-पंधरा मिनिटं पुरे.

ते काय विचारतील, आणि का?

घर स्वतःचं की भाड्याचं? घरमालकाला माहीत आहे का? घरातल्या सगळ्यांची तयारी आहे? तुम्ही कामावर गेल्यावर कोण? बाल्कनीला ग्रिल आहे? गावाला जाताना काय कराल? आधी कधी कुत्रं होतं का, त्याचं पुढे काय झालं? नसबंदी कराल का?

हे प्रश्न अपमान वाटतात, मान्य. पण प्रत्येक प्रश्नामागे परत आलेलं एखादं पिल्लू असतं. लग्न ठरलं, सासरी चालणार नाही. बाळ होणार आहे. बदली झाली. सासूबाईंना दम्याचा त्रास निघाला. मुलाच्या वाढदिवसाला आणलं होतं, त्याची हौस फिटली. ग्रिल नसलेल्या बाल्कनीतून पडलेलं पिल्लू तर परतही येत नाही.

त्यातला 'घरातल्या सगळ्यांची तयारी आहे का' हा प्रश्न सगळ्यात खरा. कारण कुत्रं आणायचा हट्ट एकाचा असतो आणि सकाळी सहाला शू पुसायची वेळ दुसऱ्यावर येते, जी बहुतेक घरांत आई असते. आईनं मनापासून हो म्हटलंय का, हे तपासायलाच फॉस्टर 'सगळे मिळून या' म्हणतात.

फॉर्म, आधार कार्डाची प्रत, घराचा व्हिडिओ किंवा प्रत्यक्ष भेट, ही साधारण पद्धत. दत्तक देताना पिल्लाची किंमत घेत नाहीत. काही जण झालेल्या लसींचा खर्च मागतात, त्यात वावगं काही नाही. मात्र लॅब्राडॉर नाहीतर हस्कीच्या पिल्लाचा गोंडस फोटो, 'मालक परदेशी चाललेत, फुकट देणे आहे', आणि मग 'फक्त ट्रान्सपोर्टचे पैसे आधी यूपीआय करा' असं कुणी म्हणालं, तर तो नंबर ब्लॉक करा. पिल्लू डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपया पाठवायचा नाही.

तुम्ही काय विचारायचं?

खरं तर प्रश्न तुम्हीही विचारायला हवेत, आणि लोक तेच विसरतात. पिल्लू हातात आलं की 'किती गोड!' यापलीकडे कुणाला काही सुचत नाही.

सगळ्यात आधी विचारा, याची भावंडं किती होती आणि ती कुठे आहेत? एखादं गेलं असेल तर कशानं, आणि किती दिवस झाले? हा एकच प्रश्न विचारला असता, तर माझ्या पहिल्या पिल्लाची गोष्ट वेगळी असती. बांधकामावरची उरलेली दोन पिल्लंही त्याच आठवड्यात गेली, हे मला नंतर वॉचमननं सांगितलं.

मग लसीचं कार्ड बघा. त्यावर लसीच्या बाटलीचा स्टिकर, तारीख आणि डॉक्टरांची सही-शिक्का असायला हवा. जंताचं औषध कधी दिलं, पुढचं कधी द्यायचं ते लिहून घ्या. गोचीड-पिसवांसाठी काही लावलं आहे का विचारा, पण सहा-सात आठवड्यांच्या पिल्लाला मनानं कुठलाही स्प्रे मारू नका. सध्या काय खातं, किती वेळा, शी घट्ट होते का, शू कुठे करायची सवय आहे, रात्री कुठे झोपतं, कशाला घाबरतं, घरात मांजर होतं का, लहान मुलं होती का.

यातलं बरंच सांगता येतं ते फॉस्टरलाच, कारण ती पिल्लासोबत राहिलेली असते. 'ही दांडगट आहे, एकटं सोडलं तर चपला खाईल' किंवा 'हा भित्रा आहे, तुमच्या घरात तीन लहान मुलं आहेत, नको' असं ती म्हणाली तर ऐका. तिला पिल्लू द्यायचंय, तरीही ती नको म्हणतेय, यातच सगळं आलं.

आणि निघताना पिल्लाच्या अंथरुणातलं एक न धुतलेलं फडकं मागून घ्या. पहिल्या रात्री तेवढाच ओळखीचा वास त्याच्यासोबत असतो.

मागे कोण राहतं?

फॉस्टर करणाऱ्या कुणालाही विचारा. आधी जातात पांढरे-तपकिरी नर. मागे राहतात काळ्या माद्या.

काळ्याला शकुन-अपशकुन चिकटवणारे आपणच, आणि शनिवारी काळ्या कुत्र्याला शोधून पोळी घालणारेही आपणच. दत्ताच्या तसबिरीला हात जोडताना पायाशी चार कुत्री दिसतात, त्यांचं काय करायचं? मादीबद्दलची तक्रार मात्र जरा वेगळी असते. 'हीटवर येते, रक्त पडतं, दारात कुत्री जमतात, पिल्लं होतात.' सगळं खरं. पहिली हीट साधारण सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान येते आणि दोन-तीन आठवडे चालते. पण नसबंदी केली की हा प्रश्नच संपतो, आणि स्तनाच्या गाठी, गर्भाशयात पू होणं हे पुढचे आजारही खूप टळतात. पिल्लू देताना ते एवढं लहान असतं की शस्त्रक्रिया करता येत नाही, म्हणून फॉस्टर तुमच्याकडून लेखी घेतात. साधारण सहाव्या महिन्यात त्यांचा फोन येईल, तेव्हा टाळू नका.

घरी आल्यावर

पहिल्या रात्री पिल्लू रडतं. भावंडांच्या उबेत झोपायची सवय असते, अचानक एकटं पडतं. त्याला वेगळ्या खोलीत कोंडून 'सवय लागेल' म्हणणं हा जुना उपाय वाईट आहे. आठवडाभर तुमच्या पलंगाशेजारी खोक्यात झोपवा, हात खाली सोडला की पोचेल इतक्या अंतरावर.

खाणं पहिला आठवडा फॉस्टर देत होती तेच. बदलायचं असेल तर हळूहळू, आठवडाभरात. गाईचं-म्हशीचं दूध वाटीभर पाजलं की जुलाब होतात आणि मग 'पार्व्हो तर नाही?' म्हणून घर घाबरतं. दहीभात, उकडलेलं अंडं, चिकन सगळं चालतं, पण फक्त भात-पोळीवर वाढणारं पिल्लू धडपणे वाढत नाही, डॉक्टरांशी बोलून प्रमाण ठरवा. शिऱ्यातले-लाडवातले मनुके, द्राक्षं, चॉकलेट, कांदा, शुगर-फ्री च्युइंगगम, हे कुत्र्याला विष आहे. ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल तर अजिबात नाही.

शू जागच्या जागी करेल. झोपून उठलं की, खाल्लं की आणि खेळून झालं की लगेच ठरलेल्या जागी न्या, केली की कौतुक करा. नाक घासून मारणं बंद. त्यातून पिल्लू एवढंच शिकतं की तुमच्यासमोर शू करायची नाही, मग ते सोफ्यामागे करतं.

खाणं सोडलं, दोनपेक्षा जास्त उलट्या झाल्या किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. एवढ्याशा जिवातलं पाणी काही तासांत संपतं. रात्री उघडा असणारा दवाखाना कुठे आहे, हे पिल्लू यायच्या आदल्या दिवशी शोधून ठेवा.

पिल्लू चावलं तर?

ही गोष्ट कुणी गंभीरपणे घेत नाही. 'लहान पिल्लू आहे, दुधाचे दात, त्याला काय होतंय!' पिल्लालाही रेबीज होऊ शकतो. तीन महिन्यांच्या आतलं, रेबीजची लस न झालेलं आणि कुठून आलं ते नक्की माहीत नसलेलं पिल्लू खेळताना चावलं किंवा नखानं ओरबाडलं आणि रक्त आलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. सरकारी रुग्णालयांत ही लस मोफत मिळते. लस सुरू करायची आणि सोबत पिल्लाकडे दहा दिवस लक्षही ठेवायचं, दोन्ही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही, त्यामुळे इथे चालढकल नको.

सोसायटी, लायसन्स वगैरे

हाउसिंग सोसायटी कुत्रं पाळायला सरसकट बंदी घालू शकत नाही. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत हे आहे, लिफ्ट वापरू न देणं किंवा त्यासाठी वेगळे पैसे लावणंही त्यात बसत नाही. घाण उचलण्याची जबाबदारी मात्र तुमची. भाड्याच्या घराचं वेगळं, तिथे घरमालकाशी आधीच बोला आणि करारात लिहून घ्या. मुंबई, पुण्यासारख्या शहरांत महापालिकेचं कुत्र्याचं लायसन्स काढावं लागतं, त्यासाठी रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं. गावठी कुत्र्यालाही हाच नियम.

भटक्या कुत्र्यांवरून सर्वोच्च न्यायालयात जे चाललं, त्यात २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात दत्तक घेण्याचाही उल्लेख होता. महापालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घेता येईल, पण ते पुन्हा रस्त्यावर जाणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची, असं न्यायालयानं म्हटलं. पाळलेलं जनावर उपाशी मरेल अशा अवस्थेत सोडून देणं तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं आधीपासूनच गुन्हा आहे.

आणि नाहीच जमलं तर?

जवळपास प्रत्येक दत्तक फॉर्ममध्ये एक ओळ असते. सांभाळणं शक्य झालं नाही, तर पिल्लू दुसऱ्या कुणाला न देता आम्हालाच परत द्यावं. लोक ही ओळ वाचतात आणि विसरतात. मग वेळ आली की लाजेपोटी फॉस्टरला फोन करत नाहीत. गावाकडच्या ओळखीच्या शेतावर 'मोकळं राहील' म्हणून सोडतात, वॉचमनला देतात, किंवा दूरच्या रस्त्यावर गाडीतून उतरवतात. घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्त्यावर अन्न शोधता येत नाही, आणि तिथली कुत्री त्याला टिकू देत नाहीत.

फोन करा. बोलणी खावी लागतील, खा. आणि जमत नाही असं वाटलं तर लवकर करा, कारण तीन महिन्यांच्या पिल्लाला दुसरं घर मिळतं. आठ महिन्यांच्या, दात आलेल्या, एकदा परत आलेल्या कुत्र्याचा फोटो ग्रुपवर फिरतो तेव्हा खाली फारसे फोन येत नाहीत. त्या फोनसाठी फॉस्टरला मग कधी दोन महिने थांबावं लागतं, कधी वर्ष.